जुन्या संगणकावर नवे पान का उघडत नाही?

तालुक्याच्या गावातील एका माध्यमिक शाळेत आमचे एक शिक्षक स्नेही आहेत. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. शिष्यवृत्तीचे अर्ज संगणकावरून भरण्याची मुदत तीन दिवसांवर आली होती. शाळेच्या संगणक-कक्षात सहा संगणक, त्यांपैकी तीन आधीच बंद पडलेले, आणि चालू असलेल्या तिन्हींवर अर्जाचे पान काही केल्या उघडत नव्हते. मुलांना अर्जामागे पैसे मोजून बाजारातल्या दुकानात जावे लागत होते. दुरुस्तीला आलेल्या तंत्रज्ञाने पाच मिनिटांत निदान केले होते, "सर, मशिन जुनी झाली. भंगारात काढा."

सरांचा प्रश्न साधा होता. याच संगणकांवर दोन वर्षांपूर्वी हेच काम झाले होते. यंत्राचा एकही भाग बदललेला नाही, ती पडली नाहीत, जळली नाहीत. मग काल चालणारे यंत्र आज चालत नाही, हे कसे? शिलाई यंत्र जुने झाले म्हणून नवे कापड शिवायचे नाकारत नाही!

आम्ही दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. तिन्ही संगणकांचे लक्षण एकच असले तरी रोग तीन वेगवेगळे निघाले. ते समजून घेतले की ब्राउझर म्हणजे काय, तो सारखा अद्ययावत का करावा लागतो आणि जुन्या यंत्राचे व त्याचे कुठे जमत नाही, हे सारेच उलगडते.

पहिला संगणक : मनगटावरचे घड्याळ चुकले

पहिल्या संगणकावर कोणतेही पान उघडले की 'तुमची जोडणी सुरक्षित नाही' अशी सूचना येई. पडद्याच्या कोपऱ्यात पाहिले तर तारीख होती १ जानेवारी २००९.

संगणक बंद असतानाही त्याच्या आत एक घड्याळ चालू असते. त्यातील क्वार्ट्‌झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या म्हणजे २ चा १५ वा घात आहे, म्हणून पंधरा वेळा निम्मे केले की बरोबर एक सेकंद मिळतो. या घड्याळाला वीज पुरवते ती ३ व्होल्टची, नाण्याच्या आकाराची एक बॅटरी. तिच्यावर 'सीआर २०३२' असे लिहिलेले असते. त्यातील २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. काही वर्षांनी ती संपते, आणि मग दरवेळी संगणक सुरू केला की घड्याळ कारखान्यात ठरवलेल्या तारखेवर परत जाते.

पण तारखेचा आणि पान उघडण्याचा संबंध काय? समजा, परगावचा विद्यार्थी शाळा सोडल्याचा दाखला घेऊन तुमच्याकडे प्रवेशाला आला. तेथील मुख्याध्यापकांची सही तुम्हांला ओळखू येत नाही. पण त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी आणि शिक्का असेल तर तुम्ही तो मान्य करता. सुरक्षित पानांचे असेच असते. ब्राउझरने पान मागितले की समोरचा संगणक आधी आपले ओळख-प्रमाणपत्र दाखवतो. त्यावर एखाद्या प्रमाणन संस्थेची सांकेतिक सही असते, आणि त्या सहीवर आणखी वरच्या संस्थेची. सर्वांत वरच्या विश्वासू संस्थांची यादी ब्राउझरमध्ये किंवा संगणकाच्या कार्यप्रणालीत आधीच साठवलेली असते. तिला 'मूळ प्रमाणपत्रे' म्हणतात.

प्रत्येक प्रमाणपत्रावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत ग्राह्य' असे लिहिलेले असते. सप्टेंबर २०२० पासून पानांच्या प्रमाणपत्रांची कमाल मुदत ३९८ दिवस करण्यात आली, आणि २०२९ पर्यंत ती टप्प्याटप्प्याने ४७ दिवसांवर आणायचे ठरले आहे. मुदत जितकी कमी, तितके चोरीला गेलेले प्रमाणपत्र लवकर निरुपयोगी होते. आता ज्या संगणकाला आज २००९ साल आहे असे वाटते, त्याच्या दृष्टीने हे प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेले नाही! तो ते नाकारतो, आणि त्याच्या समजुतीप्रमाणे ते योग्यच आहे.

बाजारातून नवी बॅटरी आणून बसवली, तारीख नीट केली आणि पहिला संगणक कामाला लागला. त्याच दुपारी अर्ज भरायला सुरुवात झाली.

दुसरा संगणक : यादी जुनी, भाषा जुनी

दुसरा संगणक पेंटियम ४ जातीचा, ५१२ मेगाबाइट स्मृतीचा, त्यावर विंडोज एक्सपी ही कार्यप्रणाली. तारीख बरोबर होती, तरीही पान उघडेना. येथे दोन अडचणी होत्या.

पहिली अडचण मूळ प्रमाणपत्रांच्या यादीची. या यादीतील संस्थांची प्रमाणपत्रेही कालबाह्य होतात. ३० सप्टेंबर २०२१ रोजी असे एक प्रसिद्ध मूळ प्रमाणपत्र संपले. 'लेट्स एन्क्रिप्ट' या मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेची असंख्य पाने जुन्या यंत्रांवर त्याच्याच आधाराने ओळखली जात होती. ज्यांची यादी वर्षानुवर्षे अद्ययावत झाली नव्हती, अशा अनेक यंत्रांना त्या दिवसापासून ती पाने अनोळखी झाली. यंत्रे तीच होती, पाने तीच होती. त्यांना जोडणारी प्रतिस्वाक्षरी मात्र बाद झाली होती.

दुसरी अडचण गुप्त भाषेची. परीक्षेचा क्रमांक, बँक खात्याचा तपशील अशी माहिती उघड्या पोस्टकार्डासारखी जाऊ नये म्हणून ब्राउझर आणि समोरचा संगणक आपापसांत सांकेतिक लिपीत बोलतात. तिचे नियम नेटस्केप कंपनीने १९९५ साली प्रथम मांडले. त्यानंतर १९९९ मध्ये टीएलएस १.०, २००६ मध्ये १.१, २००८ मध्ये १.२ आणि २०१८ मध्ये १.३ अशा आवृत्त्या आल्या. बोलणे सुरू करताना ब्राउझर 'मला या या आवृत्त्या येतात' असे सांगतो, आणि समोरचा त्यातील एक निवडतो.

जुन्या आवृत्त्यांतील कुलपे उघडण्याच्या युक्त्या दरम्यान संशोधकांना सापडत गेल्या. म्हणून २०२० साली प्रमुख ब्राउझरांनी १.० आणि १.१ या आवृत्त्या बंद केल्या, आणि पाने पुरवणारे संगणकही त्या नाकारू लागले. एक्सपीवर चालणारा इंटरनेट एक्सप्लोरर ८ मात्र १.० च्या पुढे बोलूच शकत नाही. एकाला मोडीच येते आणि दुसऱ्याने मोडी वाचणे सोडले आहे, असा हा प्रकार. दोघेही शहाणे, पण संवाद नाही.

मग या संगणकावर नवा ब्राउझर का घालू नये? कारण नवा ब्राउझर तेथे सुरूच होत नाही. त्याची कारणे तिसऱ्या संगणकाबरोबर पाहू.

तिसरा संगणक : जिना आणि पायऱ्या

तिसऱ्या संगणकाचा प्रोसेसर कोअर २ ड्युओ होता, स्मृती २ गिगाबाइट आणि कार्यप्रणाली विंडोज ७. याच्यावर पान उघडायचे, पण 'आपला ब्राउझर अद्ययावत करा' असे म्हणून थांबायचे. अद्ययावत करायला गेले की ब्राउझर म्हणायचा, 'या संगणकासाठी यापुढील आवृत्ती मिळणार नाही.'

ब्राउझर हवेत तरंगत नाही. तो कार्यप्रणालीवर उभा असतो, आणि कार्यप्रणाली प्रोसेसरवर. पडद्यावर खिडकी उघडणे, स्मृती मिळवणे, फाइल वाचणे यांतील प्रत्येक गोष्ट ब्राउझर कार्यप्रणालीला नाव घेऊन सांगतो. नव्या कार्यप्रणालीत नव्या सेवा येतात. ब्राउझर लिहिणारे त्या वापरू लागले की त्याच नावाने जुन्या कार्यप्रणालीत हाक मारली असता 'ओ' द्यायला कोणी नसते. आज्ञावली सुरू होतानाच थांबते.

जुन्या प्रणालीसाठी वेगळी तजवीज करता येते, पण प्रत्येक आवृत्ती प्रत्येक प्रणालीवर तपासावी लागते. शिवाय ज्या प्रणालीची स्वतःची छिद्रे बुजवणेच थांबले आहे, तिच्यावर कितीही मजबूत ब्राउझर ठेवला तरी भोके असलेल्या भिंतीला भक्कम दार लावल्यासारखेच होते. म्हणून काही काळाने ब्राउझर साथ सोडतात. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. क्रोमने त्यासाठी सुधारणा देणे २०१६ मध्ये थांबवले, फायरफॉक्सने २०१८ मध्ये. विंडोज ७ चा सर्वसाधारण आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. त्यावर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ जानेवारी २०२३ मध्ये आली, आणि फायरफॉक्सची शेवटची आवृत्ती ११५ त्याच वर्षी जुलैमध्ये आली.

या तारखांतून शाळांना एक उपयोगी अंदाज मिळतो. प्रणालीचा आधार संपल्यापासून ब्राउझर साथ सोडेपर्यंत साधारण दोन ते चार वर्षे गेली. विंडोज १० च्या नियमित मोफत सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. ज्या शाळांत ही प्रणाली आहे, त्यांनी पुढची तयारी आताच सुरू केलेली बरी.

आणखी एक पायरी खाली प्रोसेसर असतो. प्रोसेसरला ठराविक आज्ञाच समजतात, आणि दर काही वर्षांनी त्यांत भर पडते. १९९९ च्या पेंटियम ३ मध्ये चार संख्यांवर एकदम क्रिया करणाऱ्या आज्ञा आल्या. चित्रातील ठिपक्यांचे रंग मोजताना याचा मोठाच उपयोग होतो, कारण चार बेरजांचे काम एका फेरीत होते. २००० सालच्या पेंटियम ४ मध्ये त्याचा दुसरा संच आला, २००४ मध्ये तिसरा. क्रोमला २०१४ पासून दुसरा संच आणि २०२१ पासून तिसरा संच अनिवार्य झाला. ज्या प्रोसेसरला ही आज्ञा ठाऊकच नाही, तो ती समोर येताच काम सोडून देतो. येथे स्मृती वाढवून किंवा प्रणाली बदलून काहीच साधत नाही.

मात्र आमच्या तिसऱ्या संगणकाचा प्रोसेसर या कसोटीवर उत्तीर्ण होता. एवढेच नव्हे तर तो ६४ बिटांचा होता आणि त्यावर घातलेली प्रणाली मात्र ३२ बिटांची! हे पुष्कळ जुन्या संगणकांत आढळते. ३२ अंकांच्या द्विमान पत्त्याने २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ इतक्याच स्मृतिस्थानांना क्रमांक देता येतात. हीच ती ४ गिगाबाइटची मर्यादा. नवी पाने स्मृती फार खातात, म्हणून बहुतेक आज्ञावल्या ६४ बिटांकडे वळल्या आहेत. थोडक्यात, या संगणकाचे यंत्र म्हातारे नव्हते, त्याच्या अंगावरचा पोशाख जुना होता.

पान आणि ब्राउझर यांचा करार

येथपर्यंत वाचल्यावर वाटेल की नव्या-जुन्याचे कधी जमतच नाही. तसे नाही. जगातील पहिले संकेतस्थळ टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत तयार केले. सर्नने पुन्हा उभे केलेले ते पान आजच्या ब्राउझरमध्येही सुखाने उघडते. कारण पानाची रचना सांगणाऱ्या एचटीएमएल या भाषेत एक उदार नियम आहे : न समजलेली खूण सोडून द्या आणि आतला मजकूर दाखवा.

पानाला हालचाल देणारी जावास्क्रिप्ट मात्र कडक शिस्तीची. १९९५ साली जन्मलेल्या या भाषेत २०१५ पासून पुष्कळ नवे व्याकरण आले. त्यातील एखादे चिन्ह ब्राउझरला समजले नाही, तर तेवढे वाक्य सोडून तो पुढे जात नाही, त्या संपूर्ण आज्ञासंचालाच नकार देतो. म्हणून जुन्या ब्राउझरमध्ये कधी कधी पानावरचा मजकूर दिसतो, पण 'अर्ज सादर करा' हे बटण दाबून काही होत नाही.

आणि कधी कधी तर दोष ब्राउझरचा नसतोच. काही पाने ब्राउझरला काय येते ते न पाहता त्याचे नाव आणि आवृत्तीच विचारतात. या नाव विचारण्याच्या पद्धतीला जुना इतिहास आहे. एके काळी नेटस्केपचे टोपणनाव 'मोझिला' होते आणि ते नाव ऐकले की चांगली पाने मिळत. म्हणून इतरांनीही तेच नाव सांगायला सुरुवात केली. आजही जवळजवळ सगळे ब्राउझर आपली ओळख 'मोझिला ५.०' अशीच करून देतात!

अद्ययावत करणे थांबवले तर?

एवढ्या कटकटी असतील तर ब्राउझर बदलूच नये, असे कोणी म्हणेल. तो प्रयोगही होऊन गेला आहे. इंटरनेट एक्सप्लोरर ६ हा २००१ मध्ये आला आणि त्याची पुढची आवृत्ती आली २००६ मध्ये. या पाच वर्षांत पानांची भाषा पुढे गेली, ब्राउझर जागेवर राहिला. पाने लिहिणाऱ्यांना त्याच्यासाठी निराळी तजवीज करत बसावे लागले, आणि त्यातील भोकांचा फायदा घेणाऱ्यांचे फावले.

सप्टेंबर २०२३ मधील एक घटना पाहा. वेबपी या प्रकारची चित्रे उलगडणाऱ्या आज्ञावलीत एक चूक सापडली. मुद्दाम बिघडवलेले चित्र पानावर नुसते दिसले तरी परक्याला संगणकात शिरता येईल, अशी ती चूक होती. प्रमुख ब्राउझरांनी काही दिवसांतच ती दुरुस्त केली. पण दुरुस्ती पोहोचते ती अद्ययावत होणाऱ्या संगणकांपर्यंतच.

उलट दिशेचे नुकसानही विसरू नये. जुनी शैक्षणिक चलच्चित्रे फ्लॅशमध्ये बनवलेली असत. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार संपला आणि ती दिसेनाशी झाली. कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' प्रकल्पाने आपल्या पुष्कळ प्रतिकृती नव्या पद्धतीने पुन्हा लिहिल्या, म्हणून त्या वाचल्या. त्यांतील अनेक मराठीतही आहेत. मराठीचे एक खास दुखणेही आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी पानांचे अक्षर ठराविक फॉन्टवर आणि तो उतरवून घेणाऱ्या ठराविक ब्राउझरवर अवलंबून असे. ते ब्राउझर गेले आणि ती पाने आज अनाकलनीय चिन्हांची रांग झाली आहेत. मजकूर तेथेच आहे, पण वाचता येत नाही.

वर्गात करून पाहा

दोन प्रयोग विद्यार्थ्यांकडून सहज करून घेता येतील.

पहिला : नोटपॅडमध्ये एक वाक्य लिहा. त्यातील एका शब्दाच्या आधी 'पेक्षा लहान' आणि 'पेक्षा मोठे' या चिन्हांमध्ये रोमन अक्षरांत कोणतेही बनावट नाव लिहा. फाइलला एचटीएमएलचे शेपूट देऊन ती ब्राउझरमध्ये उघडा. बनावट खूण नाहीशी होते, वाक्य मात्र पूर्ण दिसते. हाच तो उदार नियम.

दुसरा : संगणकाची आपोआप वेळ जुळवण्याची सोय बंद करून तारीख दहा वर्षे मागे न्या आणि कोणतेही सुरक्षित पान उघडा. येणारी सूचना वाचा, तिचे कारण मुलांना विचारा. नंतर तारीख पूर्ववत करायला विसरू नका.

भंगारात काढण्यापूर्वी

संगणक टाकून देण्याआधी पुढील क्रमाने तपासावे.

१. तारीख आणि वर्ष बरोबर आहे का? नसल्यास बॅटरी बदला.

२. ब्राउझरची आवृत्ती कोणती? त्याच कार्यप्रणालीवर चालणारी त्याहून नवी आवृत्ती मिळते का?

३. प्रोसेसर ६४ बिटांचा आहे का? असल्यास पेनड्राइव्हवरून एखादी हलकी लिनक्स प्रणाली, संगणकात काही न बदलता, चालवून पाहा. छपाईयंत्र आणि मराठी टंकलेखन नीट चालते याची खात्री झाल्यावरच ती कायम बसवा, आणि त्यापूर्वी सर्व फाइलींची प्रत काढून ठेवा.

४. स्मृती किती? ४ गिगाबाइटपेक्षा कमी असेल तर ती वाढवणे हा बहुधा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

५. यातले काहीच जमले नाही तर संगणक जाळ्यापासून तोडा. आमच्या प्रयोगशाळेत एका मापनयंत्राला जोडलेला एक्सपीचा संगणक असाच आहे. मोजमापे तो अजूनही अचूक घेतो; फक्त त्याला बाहेरच्या जगाशी बोलू देत नाही.

सरांच्या तिसऱ्या संगणकाला बंद पडलेल्या एका संगणकातील स्मृतिपट्टी बसवून आम्ही ती ४ गिगाबाइट केली, आणि त्यावर ६४ बिटांची लिनक्स घातली. नवा ब्राउझर सुरू झाला. मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी शेवटचा अर्ज गेला. पेंटियम ४ चे काही होण्यासारखे नव्हते. पण सरांनी तोही भंगारात दिला नाही. त्याची पेटी उघडून ठेवली आहे. नववीची मुले त्यात बॅटरी, प्रोसेसर आणि स्मृतिपट्टी हाताने ओळखायला शिकतात, आणि उरलेल्या वेळी त्यावर टंकलेखनाचा सराव करतात.